टॉवेलामागचे नियम

पत्त्यात मला कुणी हरवू शकत नाही, असं मी दुबईतल्या सोनापूरच्या लेबर कॅम्पात तीन वर्षं सांगत होतो. आणि त्याच तीन वर्षांत आमच्या खोलीचं जेवण बहुतेक मीच बनवत होतो. या दोन गोष्टींचा काय संबंध, ते आधी सांगतो.

एका खोलीत आम्ही आठ जण. एकावर एक खाटा, एक एसी, आणि प्रत्येकाची स्वयंपाकाची पाळी ठरलेली. कामावरून आलो की पत्ते निघायचे. खेळ तीन पत्ती. पण पैसे लावायची कुणाची छाती नव्हती. कॅम्प बॉस पेशावरचा पठाण. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं, "पत्ता खेलो, कोई बात नहीं. लेकिन टेबल पे एक दिरहम दिखा तो खलास, सीधा एअरपोर्ट." मग आम्ही पाळ्या लावायचो. हरला की समोरच्याच्या पाळीचा स्वयंपाक त्याच्या गळ्यात. मी एकदा सलग एकोणीस दिवस आमटी केली. माझ्या हातची आमटी चांगली होते असं आज पाहुणे म्हणतात, त्याचं सगळं श्रेय माझ्या पत्त्यांना.

खोलीत एक मामा होते. गुहागरकडचे, क्रेनला ओझं बांधणारे रिगर, वयानं सगळ्यात मोठे, म्हणून सगळ्यांचे मामा. एकदा भात उपसताना मी त्यांना विचारलं, "मामा, माझ्याकडे चांगले पत्ते आले की तुम्ही सगळे पत्ते टाकून पॅक कसे काय करता हो?"

मामा बोलले, "अरे मेल्या, तुला चांगले पत्ते आले की तुझा डावा पाय हलतो. तू खाटेवर बसतोस. खाट कुरकुरते. पलीकडच्या खोलीतली माणसं पण पॅक करत असतील."

मला पटलं नाही. मी खाटेला तेल घातलं. तरी हरलो, कारण आता तेलाच्या वासानं सगळ्यांना हसू येत होतं आणि माझं लक्ष लागत नव्हतं.

आता खरी गोष्ट. आम्ही शारजाकडच्या हमरिया फ्री झोनच्या एका यार्डात कामाला होतो. पाइपाचं फॅब्रिकेशन. मी फिटर, म्हणजे कागदावर फिटर. शाळेत चौथी नापास. वर्षभर यार्डात मोठा अपघात झाला नाही की कंपनी सेफ्टीचं बक्षीस द्यायची. एकदा टोपी दिली, एकदा बॅटरी. त्या वर्षी गोऱ्या मॅनेजरच्या काय डोक्यात आलं कोण जाणे, जाहीर केलं की पत्त्यांची टूर्नामेंट घ्यायची, पोकर, आणि जिंकणाऱ्याला गावचं जाऊन-येऊन विमानाचं तिकीट आणि पंधरा दिवस भरपगारी सुट्टी.

आमची रजा दोन वर्षांतून एकदा. माझी पुढची रजा अकरा महिन्यांवर. आणि गावाला माझं घर बांधून तयार होतं.

या घराचं सांगायला पाहिजे. जांभ्याच्या भिंती, वर स्लॅब, पुढं पडवी. तीन वर्षं मी त्यासाठी पाइपाला पाइप जोडत होतो. भटजींनी वास्तुशांतीचा दिवस काढला होता वैशाखातला, आणि त्यानंतर पुढच्या वर्षापर्यंत आमच्या राशीला चांगला दिवस नाही असं सांगितलेलं. वास्तुशांतीला नवरा-बायको जोडीनं पाटावर बसावं लागतं. मी नसलो तर माझा मोठा भाऊ आणि वहिनी बसणार, असं घरात ठरत आलेलं.

बायको मला फोनवर बोलली. शुक्रवारी सकाळी दहाला ती वाडीतल्या दुकानातल्या फोनपाशी येऊन थांबायची आणि मी इकडून कार्ड घालून फोन लावायचो. पंधरा दिरहमचं कार्ड, म्हणजे पावणेदोनशे रुपये, आणि तोंड उघडलं की संपायला लागायचं.

"मोठे दादा आणि जाऊबाई बसायला तयार आहेत," ती बोलली.

"बसू दे की. देवाला काय, कुणीही बसलं तरी चालतं."

"देवाला चालतं. मला नाही चालत. त्या एकदा पाटावर बसल्या की जन्मभर बोलतील, तुझ्या घराची पूजा आम्ही केली. मी तीन वर्षं त्या विहिरीवरनं सिमेंटला पाणी वाहिलंय. तुम्ही येताय का नाही ते एकदा सांगा. नक्की असेल तर मांडव सांगते, जेवण सांगते. नक्की नसेल तरी सांगा."

शहाणा माणूस बोलला असता, बघतो. पण मी आदल्याच दिवशी नोटीस ऐकली होती, आणि पत्त्यात मला कोण हरवणार?

"नक्की," मी बोललो. "मांडव सांग."

टूर्नामेंटला अजून पंधरा दिवस होते आणि पोकर म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं.

शिकवायला ड्रॉइंग ऑफिसातला एक फिलिपिनो आला. सगळं त्यानंच मांडलं होतं. भला माणूस, हळू बोलायचा, प्रत्येकाला "माय फ्रेंड" म्हणायचा. त्यानं दाखवलं: प्रत्येकाला दोन पत्ते, ते झाकून ठेवायचे. मग टेबलावर मधे पाच पत्ते उघडे मांडतात, आधी तीन, मग एक, मग एक. ते पाच सगळ्यांचे. आपले दोन आणि ते पाच यातनं ज्याचे पाच पत्ते भारी, तो जिंकला. म्हटलं, ही तर तीन पत्तीच आहे, दोन पत्ते जास्त घेतलेली.

मग तो सांगायला लागला, कुठला हात, म्हणजे कुठले पाच पत्ते, कुठल्या हाताला मारतो. "माय फ्रेंड, धिस इज इम्पॉर्टंट..."

मी त्याला मधेच थांबवलं. "आय नो, आय नो. माय व्हिलेज, एव्हरीबडी प्ले."

तो बिचारा हसला आणि पुढच्या माणसाकडं गेला. पण जाता जाता एक काम त्यानं केलं. एका मोठ्या कागदावर नियम काढून मेस हॉलच्या भिंतीवर लावला. इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी नुसती चित्रं काढलेली. वरपासून खालपर्यंत पत्त्यांची चित्रं, सगळ्यात भारी हात वर, हलका खाली. आंधळ्याला सोडून कुणालाही कळेल असं.

आता तो कागद ज्या खिळ्याला लावला होता, तो खिळा माझा होता. म्हणजे कंपनीचाच, पण स्वयंपाक करून आल्यावर घाम पुसायचा टॉवेल मी त्याच खिळ्याला अडकवायचो. कागद लागला तरी मी माझा हक्क सोडला नाही. पंधरा दिवस माझा ओला टॉवेल त्या नियमांवर लटकत होता. कुणी बाजूला केला की मी परत आणून लावायचो.

सराव चालू झाला. पैशाच्या जागी वॉशर. स्टोअरमधनं आणलेले. लहान वॉशर एक, मोठा पाच, आणि नट पंचवीस. स्टोअरकीपर मलबारी होता, शिस्तीचा माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. त्यानं वॉशरसुद्धा चिठ्ठीवर सही घेऊन दिले आणि प्रत्येकावर पिवळ्या रंगाचा ठिपका मारला. मी तेव्हा हसलो होतो. नंतर मला कळलं ठिपका कशाला, कारण मी गुपचूप यार्डातनं तीन मोठे वॉशर मोज्यात घालून आणले होते, अडीअडचणीला म्हणून. ते बिनठिपक्याचे निघाले. तीन दिवस मोज्यात फिरवले, टाचेला फोड आला, आणि शेवटी टाकून दिले. बेइमानी करायलासुद्धा थोडी अक्कल लागते.

सरावात एकदा एका नेपाळ्याचा सिक्वेन्स होता आणि समोरच्या फिलिपिनोचा कलर. नेपाळ्यानं गुपचूप सगळे वॉशर त्याच्याकडं ढकलून दिले. मी मामांना बोललो, "बघा, कसा भित्रा आहे. सिक्वेन्स असून कलरला देतोय."

मामा बोलले, "अरे, तिकडचा नियम वेगळा असेल. विचार तरी."

"मामा, पत्ता इथं आणि तिथं वेगळा असतो का? एक्का एक्काच असतो ना?"

मामा गप्प बसले. मामांचं गप्प बसणं मी नेहमी माझं जिंकणं समजत आलो.

तुमच्यातल्या ज्यांना पत्ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सिक्वेन्स म्हणजे ओळीनं लागलेले पत्ते. कलर म्हणजे सगळे एका रंगाचे, सगळे बदाम किंवा सगळे किलवर. आमच्या तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. आमच्या वाडीत हे आईच्या दुधाबरोबर पाजतात.

टूर्नामेंटचा शुक्रवार आला. जुम्म्याची नमाज झाली, लोक जेवले, आणि दोनच्या सुमाराला मेस हॉलमधे पाच टेबलं लागली. चाळीस जण. पठाण दारात खुर्ची टाकून बसला, कुणाच्या खिशातनं नोट बाहेर येते का बघत.

मी पहिल्या टेबलावर बसलो आणि माझ्या पद्धतीनं खेळायला लागलो. ब्लाइंड. म्हणजे पत्ते बघायचेच नाहीत, न बघताच वॉशर पुढं ढकलायचे. तीन पत्तीत असंच चालतं, त्यात मर्दानगी असते. पण फिलिपिनो लोकांनी असलं काही बघितलेलं नव्हतं. ते आपले पत्ते कोपऱ्यातनं उचलून बघणार, विचार करणार, माझं तोंड बघणार. आणि माझ्या तोंडावर काय दिसणार? मला स्वतःलाच माहीत नव्हतं माझ्याकडं काय आहे.

"माय फ्रेंड, यू डोन्ट लुक?" समोरच्यानं विचारलं.

"नो लुक."

"व्हाय?"

"गॉड लुक," मी बोललो.

त्यानं पत्ते टाकून दिले. एकामागनं एक माणसं उठत गेली. आणि जेव्हा मी पत्ते बघायचो तेव्हा माझा पाय हलायचाच, पण मेस हॉलची बाकडी जमिनीत बोल्ट मारून बसवलेली होती. कुरकुर नाही. त्या दिवशी मी जितका जिंकलो, त्यातला निम्मा त्या बोल्टांनी जिंकला.

पाच वाजेपर्यंत टेबलावर दोघंच उरले. मी आणि मलबारी स्टोअरकीपर.

मागं अख्खा कॅम्प उभा. मामा माझ्या पाठीमागं. स्टोअरकीपर चष्मा लावून शांत बसलेला, आपले वॉशर रचून, मोठ्यावर मोठा, लहानावर लहान, जसे स्टोअरमधे ठेवतात तसे. माझे वॉशर ढिगाऱ्यात. दोघांकडं जवळपास सारखेच.

ड्रॉइंग ऑफिसातल्या फिलिपिनोनं पत्ते वाटले. या वेळी मी बघितले. मामांनी कानात सांगितलं होतं, "शेवटी तरी बघ रे." इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची चौकी.

मधे तीन पत्ते उघडले. बदामाची दुर्री, बदामाची तिर्री, किलवरची पंजी.

एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी. लागला. ओळीनं लागला! आणि एक्का-दुर्री-तिर्री म्हणजे आमच्यात दोन नंबरचा मोठा सिक्वेन्स. माझा पाय असा हलायला लागला की बाकड्याचे बोल्ट सुद्धा सैल झाले असतील.

मला मांडव दिसला. पडवीत रांगोळी दिसली. आणि बाजूला उभी असलेली वहिनी दिसली, पाटापासून लांब.

मी थोडे वॉशर टाकले. त्यानं तितकेच टाकले. चौथा पत्ता आला, इस्पिकची नव्वी. काही नाही. परत टाकले, परत त्यानं टाकले. पाचवा पत्ता आला, बदामाचा राजा.

स्टोअरकीपरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आपल्या सगळ्या राशी दोन्ही हातांनी पुढं सरकवल्या. "ऑल-इन."

मी टेबलावर बघितलं. तीन बदाम. मी त्याच्याकडं बघितलं. आणि माझ्या अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, समोरच्याच्या हातात काय आहे ते मला बरोब्बर कळलं.

"चेटा," मी त्याला बोललो. मलबारी लोक मोठ्या भावाला चेटा म्हणतात. "आपका कलर हो गया ना? बदाम का?"

तो माणूस पांढरा पडला. त्याला वाटलं मी त्याचे पत्ते बघितले. "कैसा मालूम?"

"मालूम है," मी बोललो, आणि ढिगारा तसाच दोन्ही हातांनी लोटला. "ऑल-इन."

स्टोअरकीपर माझ्याकडं बघतच राहिला. "तुमको मालूम है मेरा कलर है, फिर भी डालता है?"

"डालता है!"

त्यानं पत्ते उलटे केले. बदामाची राणी, बदामाची सत्ती. पाच बदाम. मी माझा एक्का टेबलावर असा आपटला की चार वॉशर खाली पडले. "सिक्वेन्स!" मी ओरडलो. उठलो, मामांना मिठी मारली, पठाणाला मिठी मारली, पाठीमागच्या नेपाळ्याला उचलला. "यल्ला, गाव! यल्ला, गाव!" असं, म्हणजे चला गावाला, ओरडत बाकड्यावर चढून नाचलो.

कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. मला वाटलं, जळतात.

फिलिपिनो माझ्याजवळ आला. खांद्यावर हात ठेवला. मग भिंतीपाशी गेला, खिळ्यावरचा माझा टॉवेल काढला आणि त्याची नीट घडी करून माझ्या हातात दिली. मग कागदावर बोट ठेवलं. वर पाच बदामांचं चित्र. त्याच्या खाली ओळीनं लागलेल्या पत्त्यांचं चित्र. आणि माझा एक्का-दुर्री-तिर्रीवाला तर कोपऱ्यात वेगळा काढलेला. सिक्वेन्समधला सगळ्यात लहान.

मामा मागनं हळूच बोलले, "भित्रा नव्हता रे तो नेपाळी."

पुढच्या शुक्रवारी दहाला फोन केला. मांडव सांगून झाला होता.

"हरलो," मी बोललो.

कार्डातली मिनिटं जात होती. मग बायकोनं विचारलं, "काय आलं होतं?"

ती पण आमच्याच वाडीतली. माझ्यापेक्षा चांगली खेळते.

"एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी."

"आणि त्याचं?"

"कलर."

"मग हरलात कसे?" तिचा आवाज चढला. "कलरनं सिक्वेन्स मारतात होय? फसवलं तुम्हांला! कोण होता तो?"

आता बघा. मी दोन शब्दांत सांगू शकलो असतो, की नियम भिंतीवर होता आणि माझा टॉवेल त्याच्यावर होता. पण पाठीमागनं दुकानदाराचा आवाज आला, "काय, कलरनं सिक्वेन्सला मारलं? अंधेर आहे!" आणखी कुणाचा आवाज आला. फोनपाशी अर्धी वाडी जमली होती आणि सगळी माझ्या बाजूनं होती. तीन वर्षांत माझ्या बाजूनं कुणी नव्हतं.

"मलबारी होता," मी बोललो.

बस्स. तेवढंच बोललो.

"मांडव परत करते," ती बोलली. "दादांना सांगते, पूजा पुढच्या वर्षी. तुम्ही आल्यावर. घर कुठं पळून जात नाही."

मग अकरा महिने ते घर तसंच बंद. नवीन रंगाचं, कुलूप लावलेलं. बायको जुन्या खोपटात राहिली, पावसात गळत होतं तरी. वहिनी रोज विचारायची, आणि ती रोज सांगायची की माझ्या नवऱ्याला दुबईत फसवलं. आणि इकडं तो स्टोअरकीपर गावाला जाऊन आला. पंधरा दिवसांनी माझ्या खोलीत आला, हातात केळ्याच्या वेफर्सची मोठी पिशवी. म्हणाला, "अम्मा का आँख का ऑपरेशन था. मैं पास में था. तुम्हारा घर का पूजा मेरे को बाद में मालूम हुआ, सॉरी." मी ते वेफर्स खाल्ले. चांगले होते. घशाखाली जाताना मात्र टोचले, कारण आमच्या वाडीत त्या वेळेपर्यंत लोक त्याला शिव्या घालून दमले होते.

पुढच्या वैशाखात आलो. मांडव परत लागला. आम्ही जोडीनं पाटावर बसलो. माझे सासरे समोर बसलेले, पाहुण्यांना सांगत होते, "त्या मलबाऱ्यानं काय केलं माहीत आहे का? कलरवर सिक्वेन्स..." पाहुणे च् च् करत होते. मला घाम फुटला. भटजी मंत्र म्हणत होते, बायकोचा हात माझ्या हाताला लावलेला, हलवायचा नाही असं भटजींनी सांगितलेलं.

मी तोंड न हलवता बोललो, "त्यानं फसवलं नाही."

"काय?" ती पण तोंड न हलवता.

"तिकडं कलर मोठा. नियम भिंतीवर लावला होता. चित्रं काढून."

"मग बघितला नाहीत?"

"त्याच्यावर माझा टॉवेल होता."

ती सरळ समोर होमाकडं बघत राहिली. मग तिचा हात थरथरायला लागला. मला वाटलं रडते. बघतो तर ती हसत होती, ओठ घट्ट मिटून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. भटजी तिला बोलले, "धूर लागतोय का वहिनी?" ती बोलली, "हो हो, धूर."

पूजा झाली. घामाघूम होऊन उठलो, खांद्यावरचा पंचा काढला, आणि भिंतीवर एक खिळा दिसला म्हणून सवयीनं तिकडं हात नेला.

मांडवभर पाहुणे, वहिनी पुढं, सासरे बाजूला, आणि घराच्या दारातनं बायकोचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "अहो! आधी खाली काय लावलंय ते बघा!"

त्या खिळ्याला भटजींनी दिलेलं पंचांग लटकत होतं. मी पंचा परत खांद्यावर टाकला. सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं हो?" आणि मग मला त्या मांडवात, सगळ्यांसमोर, पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं.